कागदाला दाढी येत नाही

सोमवार, ३ मार्च

बाबा,

नमस्कार. मी ठीक आहे. तुम्हीही ठीक आहात असं आत्या कळवते. सकाळची गोळी विसरता आणि घेतली म्हणून सांगता, हेही ती कळवते.

पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तुम्ही "सलून बंद आहे" एवढंच म्हणता आणि ठेवून देता. मागच्या वेळी मी म्हणाले, "बाबा, मी आहे." तुम्ही म्हणालात, "तुझ्यासाठीही बंदच." मागे आत्या हसल्याचं ऐकू आलं. तुम्हीही हसला असाल असं मी धरून चालले. पत्राला असं मधेच तोडता येत नाही. फाडता येतं, पण फाडायच्या आधी माणूस निदान चार ओळी वाचतो.

इकडची थंडी ओसरली. मी अजून त्याच खोलीत राहते, तिसऱ्या मजल्यावर. जिना चढताना पहिल्या मजल्यावर ओल्या कुत्र्याचा वास येतो, दुसऱ्यावर रंगाच्या डब्यांचा, आणि माझ्या दाराशी कसलाच नाही. दिवसभर वासात काम करून आल्यावर तेच बरं वाटतं.

कामाचं सांगते. सात वर्षं मी साबणाचे आणि फरशी पुसायच्या पाण्याचे वास केले. तुम्ही आत्याला म्हणाला होतात, "बरंय, फरशी तक्रार तरी करत नाही." तिने ते मला त्याच दिवशी सांगितलं. आता पहिल्यांदाच मला अत्तराचं काम मिळालंय. पुरुषांसाठी. वासाचं घराणं जुनं, पण अत्तर आजच्या माणसाने लावावं असं हवं.

त्या घराण्याला आमच्यात नेच्याचं, म्हणजे फर्नचं, घराणं म्हणतात. गंमत अशी की नेच्याला वास नसतो. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी ठरवलं, की नेच्याला वास असता तर तो असा असता. वर लॅव्हेंडर, मध्ये जिरेनियम, खाली वाळलेल्या गवताचा गोडवा, आणि सगळ्यात तळाला ओकच्या खोडावरचं शेवाळ. लोकांनी ते मान्य केलं आणि जगभरच्या सलूनना तो वास चिकटला. तुमचं लोशन याच घराण्यातलं. तुम्हाला ते ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. शिकायला गेले तेव्हा पहिल्या आठवड्यात शिकवणाऱ्या बाईंनी कागदाची एक पट्टी प्रत्येकाच्या नाकाखाली धरली आणि काय वास येतो ते लिहायला सांगितलं. कुणी गवत लिहिलं, कुणी साबण. मी लिहिलं, "सोमवार सकाळ, आमच्या दुकानाची मागची खोली." वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत.

आमच्या कंपनीच्या मोठ्या बाईंनी काम देण्याआधी शंभर तरुणांना जुने वास हुंगायला दिले होते. सत्तर जणांनी एकच शब्द लिहिला: आजोबा. त्यावर मोठ्या बाई मला म्हणाल्या, "आजोबा काढ, सलून ठेव." मी म्हटलं, फुलं जरा जास्त घालून बघू का? त्या म्हणाल्या, "घाल. पण पुरुषांना फुलं म्हणून सांगायचं नसतं. जंगल म्हणून सांगायचं."

एकोणचाळीस वेळा करून झालं. कागदाच्या पट्टीवर सगळे बरोबर येतात. वजनं तीन दशांशांपर्यंत चोख. गालावर लावलं की जाहिरातीसारखा वास येतो. सगळे दात दाखवणाऱ्या माणसासारखा. तुम्ही इथे असतात तर म्हणाला असतात, कागदाला दाढी येत नाही.

म्हणून विचारते. तुम्ही कधीच कागदावर काही तपासलं नाहीत. आपलं दुकान इतर सलूनसारखं सोमवारी नाही, रविवारी बंद असायचं. अर्क करायचात रविवारी, सोमवारी तो स्पिरिट आणि पाण्यात मिसळून थोडंसं लोशन करायचात, आणि ते पहिल्या गिऱ्हाइकाच्या नुकत्याच झालेल्या दाढीवर लावायचात. मग खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून क्षणभर उभे राहायचात. त्यानंतर एकतर "बरं" म्हणून सगळी बरणी भरायचात, नाहीतर काही न बोलता मागच्या खोलीत जायचात. त्या क्षणात तुम्ही काय करत होतात? मी समजत होते, हुंगत होतात.

दुसरं असं, की मोठ्या बाईंना माझ्या घरची गोष्ट कुठून तरी कळली आहे. त्यांना डब्यावर लिहायचं आहे: "दाढी करणाऱ्या वडिलांची कृती, मुलीच्या हातची." तुमचा फोटोही हवा आहे, खुर्चीसकट. मी म्हटलं, विचारून सांगते. तुमच्या होकाराशिवाय मी काही पुढे सरकू देणार नाही.

शेवाळ मात्र मी या वेळी घालणार नाही. आता त्यावर कडक नियम आहेत, काहींच्या कातडीला ते सोसत नाही. ते आपल्याला वेगळं सांगायला नकोच. अकरा माणसांच्या चेहऱ्यांना तेव्हा जे झालं, त्यानंतर तुम्ही लोशन केलं नाहीत आणि वर्षभरात शटरही ओढलंत. शटर ओढलंत तेव्हा मी इकडे शिकत होते. रजा मिळत नव्हती. निदान तसं मी कळवलं होतं.

त्याला आता बारा वर्षं झाली. उगाच कशाला उकरायचं.

आत्याला सांगा, स्वेटर आला आणि बाह्या लांब आहेत. गोळी घ्या.

तुमची,
नकटी


शुक्रवार, १४ मार्च

नकटे,

पत्र पोचलं. आधी आत्याने मोठ्याने वाचलं, मग मी मनात वाचलं. ती मधले शब्द गाळते आणि स्वतःचे घालते. तिच्या वाचनात तू लग्न ठरल्याचं लिहिलं होतंस.

गोळी घेतो.

फरशीबद्दल बोललो ते खरं आहे. गमतीत बोललो होतो, तेही खरं आहे.

तू विचारलंस, त्या क्षणी मी काय करत होतो. आरशात बघत होतो. लोशन लागलं की माणूस आधी दचकतो, कारण ते झोंबतं. मग त्याचा श्वास आत जातो. वास बरोबर जमलेला असला की खांदे दोन बोटं खाली येतात आणि डोळे मिटलेलेच राहतात. कमी पडला असेल तर डोळे लगेच उघडतात आणि माणूस स्वतःचा भांग बघायला लागतो. जास्त झाला असेल तर बोलायला लागतो. शिंपी तर थेट राजकारणावर यायचा. हे सगळं समोर आरशात दिसतं. गिऱ्हाइकाला वाटतं, न्हाणीघरातून आल्यासारखं ताजंतवानं झालो. त्याला हे कळत नाही की त्याची परीक्षा नाही, माझी चालू आहे.

हुंगत नव्हतो. हुंगायला नाक कुठे होतं? तू सोळा वर्षांची असताना मला मोठी सर्दी झाली होती, आठवत असेल. सर्दी गेली, वास परत आला नाही. महिनाभर वाट बघितली. मग लक्षात आलं की येणार नाही. कुणाला बोललो नाही. हात थरथरणाऱ्याच्या वस्तऱ्यापुढे कुणी मान देत नाही, पण नाकाचं कोण विचारतो? मापं पाठ होती, आरसा समोर होता. दोन वर्षं सुरळीत चाललं. घरात तू होतीस, शेजारणीच्या पातेल्यात काय शिजतंय ते जिन्यातून सांगणारी. तुलाही पत्ता लागला नाही. मला त्याची मजा वाटायची. म्हणायचो, एवढं नाक मिरवते आणि बापाचं गेलेलं कळत नाही.

पुढे बिनसलं. माप तेच, पण चेहरे तेच येईनात. एका आठवड्याला खांदे खाली, दुसऱ्या आठवड्याला लोक बोलायला लागलेले. मला वाटलं, नाकामागोमाग डोळेही चालले. जे दिसतंय ते खरं नाही असं वाटायला लागलं की माणूस अंदाजाने हात चालवतो. मीही मापं कमी-जास्त करू लागलो. शेवटच्या बरणीच्या आधी दोन आठवडे चेहरे अगदी थंड होते, म्हणून शेवाळ दीडपट घातलं. दीडपटीने एवढं होईल असं वाटलं नव्हतं. पण झालं. शिंप्याचा एक डोळा चार दिवस उघडत नव्हता. पोस्टमनने तोंडाला मफलर गुंडाळून पत्रं वाटली. मी अकराही घरी गेलो आणि सांगितलं, माझं नाक गेलं आहे, मी लपवलं, चूक माझी. कुणी मला बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

खुर्ची त्यानंतरही वर्षभर चालवली. पण आरशात बघवेना. जो चेहरा दिसतो त्यावर विश्वासच बसत नाही, तर त्याच्यावर वस्तरा कसा धरायचा? म्हणून बंद केलं. लोशनसाठी नाही केलं.

तेव्हा फोटो नको. अकरा जणांची तोंडं सुजवणाऱ्याचा फोटो डब्यावर लावलास तर तुझं अत्तर फरशी पुसायलाही कुणी घेणार नाही.

तू आरसा वापरून बघ. तुझे डोळे चांगले आहेत.

आत्या म्हणते, बाह्या दुमड.

बाबा


रविवार, २३ मार्च

बाबा,

तुमचं पत्र मंगळवारी मिळालं. चार दिवस ते कामाच्या कोटाच्या खिशात घेऊन फिरले. त्याला आता एकोणचाळीस नंबरच्या प्रयोगाचा वास लागला आहे.

आधी कामाचं सांगते, कारण ते सांगायला सोपं आहे.

आमच्या ऑफिसजवळ एक सलून आहे. मालक माझ्याहून लहान, दंडावर वाघ गोंदलेला. मी आत गेले तर म्हणाला, "मॅडम, दाढी तुमची?" मी म्हटलं, माझी नाही, या तिघांची. बरोबर आमचा वजनं करणारा, गोदाम सांभाळणारा आणि मोठ्या बाईंचा ड्रायव्हर होते. दाढी करून लोशन तो लावणार आणि मी मागे उभी राहून आरशात बघणार, एवढंच ठरलं होतं. त्याला वाटलं, मी सरकारी तपासणीला आले आहे. अर्ध्या तासात त्याने वस्तरा दोनदा उकळला.

एकोणचाळीस नंबर लावला. तिघांचेही डोळे उघडले. वजनवाल्याने भांग बघितला. ड्रायव्हर मेव्हण्याबद्दल बोलायला लागला. बाबा, मला रडू येईल असं वाटलं, इतकं ते तुम्ही लिहिल्यासारखं होतं.

काल पुन्हा गेलो. या वेळी शेवाळाच्या जागी मी वाळ्याचं मूळ घेतलं होतं, मातीसकट काढल्यासारखा वास येणारं. लॅव्हेंडर निम्म्यावर आणलं. गवताचा गोडवा ठेवला, पण त्याच्याजवळ ओल्या दगडासारखा, किंचित खारट असा एक वास ठेवला. तो तुमच्या काळी मिळत नव्हता. ड्रायव्हरला लावलं. त्याचे खांदे खाली आले. मेव्हणा अर्ध्या वाक्यात राहिला. वजनवाला म्हणाला, "हे बाटलीत भरा, मी माझ्या बायकोच्या भावाला देतो. तोही गप्प बसेल." सगळे हसले. मी हसत असताना मला तुमच्या पत्रातली ओळ आठवली, की नाकामागोमाग डोळेही चालले असं तुम्हाला वाटलं. मग मी बाहेर येऊन फुटपाथवर उभी राहिले.

आता जे लिहायला बसले ते लिहिते.

तुमचे डोळे गेले नव्हते. आरसा खरं सांगत होता. माप तेच नव्हतं. ते मी बदलत होते.

मी अठरा वर्षांची असताना एकदा दूध करपलं. तुम्ही गॅसपासून दोन हातांवर पेपर वाचत बसला होतात. घरभर धूर झाला तेव्हा तुम्ही मान वर केली. त्या दिवशी मला कळलं. मला वाटलं, हे आत्ताच झालंय आणि तुम्हाला ठाऊक नाही. वाटलं, सांगितलं तर तुम्ही खचाल. म्हणून ठरवलं की तुम्हाला कळू न देता मी सांभाळून घ्यायचं. रविवारी दुपारी तुम्ही अंघोळीला गेलात की मी मागच्या खोलीत जायचे, अर्काची तपकिरी बाटली उघडायचे, आणि कमी वाटेल ते घालायचे. दोन थेंब लॅव्हेंडर, कधी जिरेनियम, कधी थोडं शेवाळ. दीड वर्ष मी हे केलं.

पहिल्यांदा उघडली तेव्हा त्या बाटलीत काहीही चुकलेलं नव्हतं. हे मी बारा वर्षांत स्वतःशीही कबूल केलं नव्हतं. ते फक्त मला हवं तसं नव्हतं. मला लॅव्हेंडर जास्त आवडायचं. तुमचं नाक गेलंय हे कळल्यावर ते चूक आहे असं ठरवणं मला सोपं गेलं.

मग तुम्ही मापं बदलू लागलात. मी ते बघायचे आणि मला आणखी खात्री पटायची की तुम्हाला काही कळत नाहीये. तुम्ही ती माझ्यामुळे बदलत होतात. तुम्ही चेहरे बघून दुरुस्त करत होतात आणि तुमची दुरुस्ती मी पुन्हा दुरुस्त करत होते. आपण दोघं एकाच बाटलीत, एकमेकांना न सांगता.

शेवटच्या रविवारचं सांगते. शेवाळाचा अर्क डांबरासारखा दाट, तुम्ही तो गरम पाण्यात ठेवून पातळ करायचात आणि सगळ्यात शेवटी घालायचात. हे मला माहीत होतं. त्या दिवशी तो अजून पाण्यात बसलेला होता, मी बघितलाच नाही. बाटली हुंगली, शेवाळ अजिबात नव्हतं. वाटलं, तुम्ही विसरलात. मी कपाटातली दुसरी बाटली काढून पूर्ण माप घातलं, वर आणखी अर्धं. तुम्ही अंघोळ करून आलात आणि तुमचं दीडपट घातलंत.

हे एवढंच असतं तर ती चूक झाली असती. पण सोमवारी सकाळचं कॉलेज आटपून मी आले, नुकत्याच उघडलेल्या दुकानात डोकावले, आणि दारातच मला कळलं. अर्काच्या बाटलीचं झाकण उघडं होतं. ओल्या खोडासारखा, कडू, घशात बसणारा वास. तुम्ही पहिल्या गिऱ्हाइकाच्या, शिंप्याच्या, गालाला लोशन लावत होतात. तिथे मी एक शब्द बोलले असते, बाबा, थांबा, एवढं जरी, तरी तो एकच चेहरा झाला असता. पण थांबा म्हटलं असतं तर तुम्ही विचारलं असतं, तुला कसं कळलं, आणि मग दीड वर्षाचं सगळं सांगावं लागलं असतं. मी विचार केला, दोन दिवसांत मुरून खाली बसेल. तुमची चप्पल दारात आडवी होती, ती मी सरळ केली आणि वर निघून गेले. पुढचे दहा चेहरे बुधवारपर्यंत झाले.

तुम्ही घरोघरी गेलात तेव्हा मी तुमच्यासाठी छत्री शोधून दिली.

दोन महिन्यांनी मी शिकायला निघाले. तुम्ही स्टेशनवर आला होतात. तुम्ही म्हणालात, "घरात एक तरी नाक शाबूत राहिलं." त्यानंतर मला घरी यायला रजा मिळेनाशी झाली.

तुम्ही लोकांना सांगितलंत ते खरं नव्हतं. नाक गेल्यामुळे झालं नाही. नाक नसताना तुम्ही दोन वर्षं एकही बरणी बिघडवली नव्हतीत. ज्याचं नाक शाबूत होतं त्याने बिघडवली.

मोठ्या बाईंना मी शुक्रवारी सांगितलं की डब्यावर वडिलांचं काहीही येणार नाही. त्या म्हणाल्या, "का? नको म्हणाले?" मी म्हटलं, त्यांना विचारण्याआधी मला त्यांना काही सांगायचं आहे. त्यांनी मुदत महिनाभर वाढवली आहे. नवा वास मी सध्या कुलपात ठेवला आहे. तुमचं उत्तर आल्याशिवाय तो पुढे जाणार नाही. तुम्ही पुढे जाऊ नको म्हणालात, तर मी साबणाकडे परत जाईन. हे मी तुमच्यावर टाकत नाहीये. मला दुसरं कुणाला विचारता येत नाही.

हे पत्र आत्याला मोठ्याने वाचायला द्या किंवा देऊ नका, तुम्ही ठरवा.

खाली काय लिहायचं ते सुचत नाही.

मी


बुधवार, ९ एप्रिल

नकटे,

पत्र मी आधी वाचलं. मग आत्याला दिलं. तिने एकही शब्द गाळला नाही.

त्यानंतर आठ दिवस मी घरात कुणाशी बोललो नाही. आत्या म्हणाली, "फरक काय पडला?" मग नवव्या दिवशी तीच रडली आणि मला तिच्याशी बोलावं लागलं.

मी रागावलो आहे. लोशनसाठी नाही. लोशन बिघडतं. चप्पल सरळ करून वर गेलीस, त्यासाठी. आणि बारा वर्षं मी माझ्या डोळ्यांना नावं ठेवली, त्यासाठी. दुकान चांगलं होतं. उजेड पुढून यायचा.

हे लिहून झालं. आता दुसरं.

परवा शिंपी आला होता. मी त्याला म्हटलं, बस. तो म्हणाला, "कुठे?" मी म्हटलं, आत, खुर्चीत. तो म्हणाला, "तुझं डोकं फिरलंय, बारा वर्षांनी मला मारायचंय का?" पण बसला. खुर्चीवर जुन्या पेपरांचा गठ्ठा होता, तो त्याने स्वतःच उचलून खाली ठेवला. गरम टॉवेल दिला, दाढी केली. लोशन नव्हतंच, साधं गार पाणी लावलं. आणि आरशात बघितलं. त्याच्या डाव्या भुवईवर जरा ताण होता. मी विचारलं, "सुनेशी भांडलास का?" तो म्हणाला, "तुला कुणी सांगितलं?" कुणी सांगितलं नव्हतं.

मी बराच वेळ त्याच्या मागे उभा राहिलो. तो ओरडला, "झालं असेल तर उठू का, की रात्र इथेच काढायची?"

तेव्हा तुझ्या पत्रातलं मला पटलं.

आता तुझ्या वासाचं. डब्यावर माझं काही नको. पूर्वी सांगितलं ते लाजेने सांगितलं होतं, आता तसं नाही. माझं लोशन माझं होतं, त्यात शेवाळ होतं. हे तुझं आहे. वाळा माझ्या डोक्यात शंभर वर्षांत आला नसता. त्यावर माझं नाव लावलंस तर पुन्हा एका बाटलीत दोघांचे हात होतील. एकाचेच असू देत. तुझं नाव घाल, ते लहान आहे, डब्यावर बसेल.

पण तू काम अर्धंच बघितलंस. ड्रायव्हरचे खांदे खाली आले असं लिहितेस. डोळ्यांचं काहीच लिहिलं नाहीस. मिटलेले राहिले की उघडले? आणि बाकीच्या दोघांचं काय? तू हसत होतीस म्हणून बघायचं राहिलं. हसायचं नाही, बघायचं. पुन्हा तिघांना बसव. एकाच आठवड्यात दोनदा बसवू नकोस, कातडीला उसंत लागते. कुलपात ठेवून अत्तर होत नाही. कुलूप काढ.

आणि तिसरं, जे तू विचारलं नाहीस.

अकरापैकी दोघं गेले. नऊ जण आहेत. मी त्या प्रत्येकाच्या घरी जाऊन सांगितलं होतं की चूक माझ्या नाकाची. तेव्हा मी खोटं बोलत नव्हतो, पण ते खोटं निघालं. ते तसंच त्यांच्याकडे राहू देणं मला जमणार नाही. पत्राने सांगायचं नाही. मी पायांनी गेलो होतो, तूही पायांनी जायचंस.

मी बरोबर येईन. दार मी वाजवीन, कारण तुला आता कुणी ओळखणार नाही. बोलायचं तू. मी मधे पडणार नाही आणि तुझी बाजूही घेणार नाही. कुणी शिव्या देईल, पोस्टमन नक्की देईल, त्या ऐकून घ्यायच्या. दिवसाला तीनच घरं होतील, लोक बसवून घेतात. म्हणजे तीन दिवस लागतील. येण्या-जाण्याचे दोन धरून पाच दिवसांची रजा काढ.

आत्याने तुझ्या खोलीतलं कपाट रिकामं करायला घेतलं आहे. मी तिला म्हटलं, अजून काही ठरलेलं नाही. ती ऐकत नाही.

राग अजून आहे. तो बसून जाणारा नाही. नऊ घरं चालून बघू, किती उरतो.

तुझी वाट बघतो असं मी लिहीत नाही. तारीख कळव.

बाबा